आपण आलो नाही हे कुणाच्या लक्षात येतं का?

या वेळच्या टपालात एकाच विषयाची इतकी पत्रं निघाली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत. आपापल्या पेशाच्या सोसायट्या असतात ना, इंजिनिअरांच्या, डॉक्टरांच्या, अकाउंटंट लोकांच्या, ज्यात खाली शाखा, मग विभाग आणि सगळ्यात वर केंद्र अशी उतरंड असते, तिथे यादीत नाव आहे, कार्ड आहे, फी भरलेली आहे, पण आपण तिथले आहोत असं वाटतच नाही, हे ते दुखणं. मी स्वतः अशा एका सोसायटीत सहा वर्षं शाखेची सचिव होते आणि नंतर एक टर्म विभागात, त्यामुळे हे खालूनही बघितलंय आणि वरूनही. पाच पत्रं निवडलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी आमच्या शाखेचा सचिव आहे. यादीवर 300 सभासद, कार्यक्रमाला येणारी तीच 25-30 माणसं. रिन्यूअलसाठी फोन केला की पहिला प्रश्न, फी भरून मिळतं काय? केंद्राचं मासिक येतं, मेल येतात, वेबिनार असतात, आम्ही पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं टाकतो. अजून काय करायचं तेच कळेना झालंय.

दादा, तुमची मेहनत कमी पडत नाहीये, ती 300 जणांवर एकदम ओतली जातेय म्हणून कुणालाच लागत नाहीये. रॉबिन डनबार नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1990 च्या दशकात माकडवर्गातल्या प्राण्यांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या टोळीचा आकार यांचा संबंध लावून माणसासाठी हिशेब मांडला आणि आकडा आला साधारण 150, म्हणजे साधारण एवढ्याच माणसांशी आपण खरीखुरी ओळख राखू शकतो. या नेमक्या आकड्यावर संशोधकांत वाद आहेत पण आपल्या कामापुरती गोष्ट सरळ आहे, त्या 150 मध्ये घरचे आले, नातेवाईक आले, ऑफिसचे आले, जुने मित्र आले, मग शाखेच्या वाट्याला जागा उरते किती? दहा-पंधरा माणसांची, बस. म्हणून 300 च्या शाखेशी कुणीच जोडलं जात नाही, माणूस त्यातल्या दहा जणांशी जोडला जातो, त्या दहांमुळे शाखा आपली वाटते आणि शाखा आपली वाटली तर कधीतरी केंद्रही आपलं वाटतं. याच्या उलट्या दिशेने झालेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

तेव्हा यादी घेऊन बसा आणि तिचे 12 ते 15 जणांचे गट पाडा. वर्णाक्षरांप्रमाणे पाडू नका, एकाच प्रकारचं काम करणारे किंवा एकमेकांना भेटायला सोपं पडेल असे. प्रत्येक गटामागे एक संपर्काचा माणूस, आणि हा पदाधिकारीच हवा असं मुळीच नाही, उलट ज्याला माणसांची आवड आहे पण स्टेजवर जायची नाही असा कुणीतरी बघा, असे लोक प्रत्येक शाखेत असतात आणि त्यांना कुणी कधी काही विचारलेलं नसतं. त्याचं काम एवढंच की दोन महिन्यांत एकदा प्रत्येकाला फोन करायचा. आणि त्या फोनवर काहीही मागायचं नाही. फी नाही, हजेरी नाही, जाहिरात नाही. सध्या काय काम चाललंय, कुठे अडलंय, एवढं विचारायचं आणि वहीत दोन ओळी लिहून ठेवायच्या. मी सचिव असताना मेंबरशिप सोडलेल्यांना असेच फोन केले होते, एक गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की सात वर्षांत सोसायटीतून आलेला हा पहिला फोन आहे ज्यात मॅडम तुम्ही पैसे मागितले नाहीत. ते लगेच परत आले असं नाही, पण पुढच्या वर्षी आले.

त्या वहीचा खरा उपयोग पुढे होतो. एकाला एक अडचण असते, दुसऱ्या गटातल्या कुणीतरी ती आधीच सोडवलेली असते, तुम्ही फक्त दोघांना जोडून द्यायचं. हे वर्षाला दहा वेळा जरी जमलं ना तरी "फी भरून मिळतं काय" चं उत्तर तुम्हाला द्यावं लागत नाही, ते सभासदच एकमेकांना देतात.

आता तो प्रश्न आलाच आहे तर त्यावर रागावू नका, त्यात तथ्य आहे. मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने 1965 मध्ये हेच मांडलं होतं, की मोठ्या संघटनेने मिळवलेला फायदा, म्हणजे चांगले नियम, पेशाची पत, सरकारदरबारी वजन, हे फी न भरणाऱ्यालाही तेवढंच मिळतं, मग शहाणा माणूस म्हणतो मी कशाला भरू. त्यावर त्याने दोन वाटा दाखवल्या, एक म्हणजे फक्त सभासदालाच मिळेल असं काहीतरी द्या, आणि दुसरी जी लोक विसरतात, की मोठी संघटना जर छोट्या छोट्या गटांची बनलेली असेल तर त्या छोट्या गटात ओळख, भीड, कौतुक या गोष्टी काम करतात आणि माणूस टिकतो. म्हणजे तुमची उतरंड हे ओझं नाहीये दादा, ती वापरायची चीज आहे, पण सगळ्यात खालची पायरी इतकी लहान हवी की तिथे माणसाचा चेहरा दिसेल.

अजून दोन गोष्टी. नवीन सभासदाचे पहिले तीन महिने फार मोलाचे असतात, त्या काळात त्याला स्वागताची फाइल, बॅज, पीडीएफ यापेक्षा एक माणूस द्या जो त्याला पहिल्या कार्यक्रमाला स्वतःबरोबर घेऊन येईल आणि निदान तिघांशी ओळख करून देईल. आणि त्याच तीन महिन्यांत त्याच्या हाताला काम द्या. इथे बहुतेक शाखा चुकतात, ग्रुपवर टाकतात "इच्छुकांनी पुढे यावे" आणि मग कुणी आलं नाही म्हणून हळहळतात. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोरी ओढायचे प्रयोग आहेत, 1913 मध्ये छापून आले, त्यात एकट्याची ताकद 100 धरली तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकी 93 च लागते आणि आठ जण झाले की प्रत्येकी 49, निम्म्याहून कमी. थोडं कारण ताळमेळ जमत नाही हे, आणि थोडं कारण की माझ्या ओढण्याने काय फरक पडतोय हे कुणालाच दिसत नसतं. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की कुणी किती जोर लावला हे वेगळं ओळखू येणार असेल तर ही ढिलाई जवळपास जाते. म्हणून "कुणीतरी या" ऐवजी "14 तारखेच्या कार्यक्रमाचा अहवाल तुम्ही लिहाल का, एक पान, पुढच्या सोमवारपर्यंत" असं नाव घेऊन विचारा. काम एका संध्याकाळीत संपणारं हवं, त्याला शेवटची तारीख हवी, आणि झाल्यावर ते कुणी केलं हे सगळ्यांना कळलं पाहिजे. वर्षभराची समिती गळ्यात घातली की माणूस पळतो.

आणि हजेरीपट आहे ना, तो आले कोण हे बघायला ठेवू नका, आलं नाही कोण हे बघायला ठेवा. नेहमी येणारा सलग दोनदा आला नाही की दुसऱ्या दिवशी फोन गेला पाहिजे. माझ्या मते एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी सोसायटी जॉइन केली. कार्यक्रमाला जाते पण सिनियर लोक आपापल्या घोळक्यात असतात, मी फोन बघत कोपऱ्यात उभी राहते आणि लेक्चर संपलं की निघते. सगळे म्हणतात नेटवर्किंग कर, पण ते करतात कसं? मला कुणाच्या मागेमागे करायला आवडत नाही.

अगं, मागेमागे करूच नकोस, दारात उभी राहा. खरंच सांगतेय. पुढच्या कार्यक्रमाआधी सचिवांना विचार की रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मी बसू का. त्या टेबलावरून प्रत्येक माणूस जातो, तुला नाव विचारायला कारण असतं, त्यालाही तुझा चेहरा दिसतो आणि आत गेल्यावर तू अनोळखी राहात नाहीस. लिओन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थी वसाहतीत कोण कुणाचा मित्र झाला याचा अभ्यास केला होता, 1950 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की मैत्री स्वभाव जुळण्यापेक्षा येण्याजाण्याच्या वाटेवर ठरत होती, जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावर जास्त होत्या, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरूनच जायचे. तुझ्या सोसायटीतला तो जिन्याचा पायथा म्हणजे हे टेबल.

दुसरं म्हणजे सिनियर माणसाशी काय बोलू हा प्रश्न असेल तर कामातला एक नेमका प्रश्न घेऊन जा. "सर मला मार्गदर्शन करा" याला कुणाकडे उत्तर नसतं, पण "तुम्ही मघाशी ती टेस्ट सांगितलीत ती आमच्याकडे दोनदा फेल गेली, असं का होत असेल" याला माणूस अर्धा तास देतो, आणि आठवड्याभराने तू त्यांना कळवायचंस की सर तसं करून बघितलं, असं असं झालं. हे परत कळवणं कुणीच करत नाही गं, आणि लोकांच्या लक्षात राहतं ते तेवढंच.

आणि सगळ्यांशी घट्ट मैत्री झाली पाहिजे हे डोक्यातून काढ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं होतं की ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यातल्या फक्त 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत होती, 55.6 टक्के अधूनमधून भेटणारे होते आणि 27.8 टक्के क्वचित. कारण रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच, नवी बातमी लांबचा माणूस आणतो. तेव्हा वर्षातून दोनदा भेटणारी, पण नावाने ओळखणारी वीस माणसं, एवढं पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ झालं.

हे उत्तर सचिव मंडळी वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती, या मुलीने टेबल मागायची वेळच येऊ देऊ नका, तुम्हीच द्या.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीच्या केंद्रीय कार्यकारिणीवर आहे. शाखांना परिपत्रकं पाठवतो, अहवाल मागवतो, योजना जाहीर करतो, निम्म्या शाखा उत्तरसुद्धा देत नाहीत. आम्ही त्यांना परके वाटतो, वसुली करणारे वाटतो. हे चित्र बदलायला केंद्राने काय करावं?

सर, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचाच मला आनंद झाला कारण वरच्या मजल्यावरून असं पत्र फार क्वचित येतं. एक हिशेब करून बघा, मागच्या वर्षभरात वरून खाली किती पत्रं गेली आणि खालून आलेल्या किती पत्रांना नाव घेऊन उत्तर गेलं. मी शाखेत असताना आम्ही सभासदत्वाच्या एका अटीबद्दल केंद्राला पत्र लिहिलं होतं, आठ महिन्यांनी उत्तर आलं ते सगळ्या शाखांना गेलेल्या परिपत्रकातल्या एका ओळीत, आमचा प्रश्न होता हे कुठेच नव्हतं. त्यानंतर आमच्या शाखेने काही विचारलंच नाही. राग नव्हता, पण विचारून उपयोग नाही हे मनात बसलं. म्हणून पहिला नियम असा करा की शाखेचा प्रत्येक प्रश्न पंधरा दिवसांत पोचल्याचं कळवायचं आणि उत्तर कधी मिळेल त्याची तारीख द्यायची, उत्तर "नाही" असलं तरी चालेल, कारण सांगा. आणि अहवाल मागवता ना, तर प्रत्येक अहवालावर दोन ओळी लिहून परत पाठवा ज्या वाचून कळेल की कुणीतरी खरंच वाचलाय.

दुसरं, सभासदाला एकाच वेबिनारचा मेल शाखेकडून, विभागाकडून आणि केंद्राकडून असा तीनदा जातो, माहिती पण तिघं वेगवेगळी भरून घेतात. कॅलेंडर एकच करा, यादी एकच ठेवा, आणि निरोप सभासदाच्या सगळ्यात जवळच्या माणसाकडून जाऊ दे. केंद्राचं नाव मागे राहिलं तरी बिघडत नाही.

तिसरी गोष्ट रचनेची. आयईईई ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची सोसायटी बघा, 1884 ची एक आणि 1912 ची एक अशा दोन संस्था 1963 मध्ये एक होऊन ती झाली, आज चार लाखांवर सभासद आहेत. तिथे सभासद एकाच वेळी दोन झाडांना लागलेला असतो, एक भौगोलिक, म्हणजे सेक्शन आणि त्यावर रीजन, आणि दुसरं विषयाचं, म्हणजे त्याला ज्या विषयात रस आहे त्याची टेक्निकल सोसायटी. आणि ही दोन्ही झाडं जिथे मिळतात तो असतो चॅप्टर, म्हणजे एकाच भागातले एकाच विषयाचे लोक, आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी जमणारे. शिवाय नव्याने पेशात आलेल्यांचा गट वेगळा, इंजिनिअर स्त्रियांचा वेगळा. यात मला पटतं ते हे की माणसाला आत यायला दारं जास्त आहेत, एका दारातून परकं वाटलं तर दुसरं असतं. तुमच्या सोसायटीत फक्त भौगोलिक उतरंड असेल तर विषयवार गट काढायला शाखांना मोकळीक द्या, दोन-तीन शेजारच्या शाखांनी मिळून काढला तरी चालेल, आणि त्यासाठी मंजुरीचे पाच कागद मागू नका.

आणि वर जायची वाट दिसू द्या. आयईईईमध्येच सीनियर मेंबर नावाची श्रेणी आहे, पेशातली दहा वर्षं लागतात आणि साधारणपणे तिघांचा संदर्भ. आता हे संदर्भ देणार कोण, आपलं काम ओळखणारी माणसंच ना, म्हणून शाखेने वर्षातून एक संध्याकाळ पात्र सभासदांना बसवून फॉर्म भरून घ्यायचे, संदर्भ देणाऱ्यांना त्याच खोलीत बोलवायचं. तुमच्याकडे फेलो नावाची श्रेणी असेल, अजून काही असेल, पद्धत हीच. माणसाला वाटतं की माझं कुणीतरी बघतंय, आणि ते कागदावर उतरतं.

एक शेवटचं, पदाधिकारी दर एक-दोन वर्षांनी बदलतात आणि आधीच्याने कमावलेली ओळख त्याच्याबरोबर जाते. हँडओव्हरमध्ये खात्याची पासबुकं आणि इतिवृत्तं देतात, माणसांची माहिती देत नाहीत. जुन्या आणि नव्या सचिवाने एकत्र बसून तासभर फक्त सभासदांबद्दल बोलायचं, हे केंद्राने हँडओव्हरच्या यादीत पहिलंच घालावं.

प्रश्न : माझी बदली अशा ठिकाणी झालीय की जवळच्या शाखेला जायला चार तास लागतात. ऑनलाइन कार्यक्रम बघतो पण कॅमेरा बंद करून ऐकणारा 80 वा माणूस, त्यात कसला आलाय आपलेपणा?

बरोबर आहे तुमचं, ऐकणाऱ्यांच्या गर्दीत आपलेपणा येत नाही. शाखेला दोन गोष्टी मागा, हक्काने मागा. ऑनलाइन कार्यक्रमाच्या शेवटी वीस मिनिटं पाच-पाच जणांच्या खोल्या करायला सांगा, कॅमेरा चालू, विषय एकच, आणि दर वेळी शक्यतो तीच पाच माणसं, कारण चेहरा परत परत दिसल्यानेच ओळखीचा होतो. आणि वर्षातून एक बैठक तुमच्या बाजूला घ्यायला सांगा. रोटरीचं नाव कशावरून पडलं माहितीय का, 1905 मध्ये शिकागोत वेगवेगळ्या पेशांतले चार जण जमले आणि बैठक आळीपाळीने एकेका सभासदाच्या ऑफिसात घ्यायचे, त्या फिरण्यावरून रोटरी. दुसऱ्याच्या कामाच्या जागी गेलं की माणूस वेगळाच कळतो, हॉलमध्ये खुर्च्या मांडून तसं कळत नाही. तुमच्याकडे सहाच जण आले तरी घ्या ती बैठक. तुमच्या आसपास अजून कुणी सभासद आहेत का हे सचिवांना यादीवरून बघायला लावा, बऱ्याचदा असतात आणि दोघांनाही पत्ता नसतो.

प्रश्न : तीस वर्षं सभासद आहे, दोनदा शाखाध्यक्ष होतो. निवृत्तीनंतर कुणी बोलावत नाही. फी भरत राहावी का?

काका, भरत राहा, पण आधी सोसायटीचे नियम काढून बघा. आयईईईमध्ये वय निदान 65 आणि वय अधिक सभासदत्वाची वर्षं मिळून 100 झाली की लाइफ मेंबर करतात, अशी काही तरतूद तुमच्याकडे असू शकते आणि ती मागितल्याशिवाय देत नाहीत असंही होतं. बोलावण्याचं म्हणाल तर मला वाईट वाटलं, हे व्हायला नको होतं. पण खरं सांगते, नव्या कार्यकारिणीला बहुतेक वेळा माहीतच नसतं की तुम्हाला यायला आवडेल, त्यांना वाटतं काकांना त्रास कशाला. तुम्हीच सचिवांना फोन करून सांगा की वर्षाला दोन नवे सभासद माझ्याकडे द्या, महिन्यातून एकदा मी त्यांच्याशी तासभर बोलेन. अध्यक्षपदाबद्दल नको, तुम्ही केलेल्या चुकांबद्दल बोला, कुठलं काम कसं फसलं आणि नंतर कसं सावरलं, कारण नव्या मुलांना ते दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळत नाही. वर ज्या 26 वर्षांच्या मुलीचं पत्र आहे ना, तिच्यासारख्या मुली तुमच्या शाखेतही कोपऱ्यात फोन बघत उभ्या असतील, त्यातल्या एकीचं नाव सचिवांकडून मागून घ्या.